गुडघ्याला पट्टा, कडेवर नातू

2024 साली राज्य सरकारनं मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. वयाची पासष्टी गाठलेल्या आणि घरचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या माणसाला एकदाच तीन हजार रुपये. चष्मा घ्या, कानाचं मशीन घ्या, काठी घ्या, कमोडची खुर्ची घ्या, नाहीतर कमरेचा किंवा गुडघ्याचा पट्टा घ्या. आमच्या गल्लीतल्या अक्काला हे पैसे मिळाले, तेव्हा तिनं गुडघ्याचा पट्टा घेतला. चांगला जाड, पुढं वाटीपाशी गोल भोक असलेला. सकाळी भाकऱ्या उरकल्या की ती भिंतीला टेकून पाय लांब करते, पट्टा चढवते, दोन्ही बंद आवळते आणि उठून धाकट्या नातवाला कडेवर घेते. नातू पावणेदोन वर्षांचा, अंगानं भरलेला. अकरा किलो तरी असेल.

पट्टा मिळाला हे बरंच झालं. पण त्या गुडघ्यावर दिवसभर कोण बसलेलं असतं, हे अर्जाच्या कुठल्याच रकान्यात विचारलेलं नव्हतं.

मी मैंदर्गीची. अक्कलकोटहून दुधनीकडं जाताना मधे लागतं ते आमचं गाव. नावाला नगरपरिषद, पण पोट रानावर. तूर, ज्वारी, थोडंफार सोयाबीन, आणि पावसानं हात दिला तर उडीद-मूग. कर्नाटकाची हद्द जवळ. आमच्या घरी बोलणं कन्नड, शेजारच्या घरी दखनी, आणि मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. आता निवृत्त आहे. मुलगा सोलापूरला कामाला, सून अक्कलकोटला एका पतसंस्थेत. सकाळी साडेआठला ती निघाली की संध्याकाळी सहापर्यंत अडीच वर्षांची नात माझ्याकडं. तेव्हा हे मी कुणा दुसऱ्याचं दुःख म्हणून लिहीत नाही. पण माझं आणि अक्काचं एकसारखं आहे, असंही नाही. मला पेन्शन आहे, घरात इन्व्हर्टर आहे, एकच नात आहे. अक्काकडं तीन नातवंडं. थोरला मुलगा आणि सून पुण्याला बांधकामावर, त्यांची दोन लेकरं इथंच ठेवलेली. धाकटी सून दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, तिचं एक.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. या गावाला दिवसभराचं पाळणाघर हवं, आणि ते आज्यांच्या तब्येतीसाठी हवं. पाळणाघराचा विषय निघाला की लोक आईच्या नोकरीवर बोलतात, फार तर मुलाच्या वाढीवर बोलतात. जिच्या जिवावर हे सगळं आज फुकटात चाललंय, तिच्या कमरेवर, रक्तदाबावर आणि दुपारच्या झोपेवर कुणी बोलत नाही. उलट ‘नातवंडात म्हातारपण कसं मजेत जातं’ असं तिलाच ऐकवतात. ऐकवणारे बहुधा कट्ट्यावरचे पुरुष असतात.

मजा येते, ते खोटं नाही. माझी नात मांडीवर बसून शेंगा फोडते, टरफलं माझ्या ओंजळीत आणि दाणे स्वतःच्या तोंडात. ‘अज्जी, हालु’ म्हणून दूध मागते आणि पुढच्याच दमात मराठीत भांडते. तासभर, दोन तास हे सुख आहे. साडेनऊ तास हे काम आहे. शिक्षिका असताना मी साठ-साठ मुलांचा वर्ग सांभाळला, पण तिथं घंटा होत होती आणि माझं वय तेव्हा पस्तीस होतं.

अक्काच्या घरी दुपारी एकदा बसून बघा. नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळं आमच्या गल्लीत घरोघरी पाणी भरून ठेवलेलं. अक्काच्या दारात दोन प्लास्टिकची बॅरलं, मोरीत सिमेंटचा हौद. लेकरू रांगायला लागल्यापासून हौदावर पत्रा आणि पत्र्यावर पाटा. पाणी घ्यायचं म्हणजे दर वेळी पाटा उचलायचा, पत्रा सरकवायचा, तांब्या बुडवायचा, पुन्हा पत्रा, पुन्हा पाटा. पाटा हलवताना कंबर धरते म्हणून ती सकाळीच चार घागरी भरून उंचावर ठेवते, आणि मग घागर उतरवताना खांदा धरतो. उंबऱ्याशी आडवी फळी. मधली नात चार वर्षांची, ती फळी ओलांडून रस्त्यावर जाते. रस्त्यावरून ट्रॅक्टर. थोरली आठ वर्षांची, ती शाळेत असते. निदान पटावर तरी असते. सुगीच्या दिवसांत धाकट्याला ताप आला की थोरली घरी. शिक्षिका म्हणून मी वर्षानुवर्षं त्या गैरहजेरीवर लाल फुली मारली आहे, म्हणून सांगते. आमच्याकडं मुलींची शाळा सुटते त्यामागं दर वेळी लग्न नसतं. पुष्कळदा कडेवरचा भाऊ असतो.

दोन वाजता अक्काला गोळी घ्यायची असते. रक्तदाबाची गोळी. ती घेतल्यावर डोळा लागतो. तेव्हा ती काय करते? धाकट्याच्या हातात फोन देते. व्हिडिओ लावते, आवाज मोठा ठेवते, म्हणजे आवाज थांबला की आपल्याला जाग येईल.

मोबाइलवर आमच्या वर्तमानपत्रांत दर महिन्याला लेख येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंच आहे, वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाच्या वर नको, कमी तेवढं बरं. सल्ला योग्यच आहे, माझी तक्रार त्यावर नाही. तक्रार आहे ती ‘हल्लीच्या बायकांना मुलं नकोशी झालीत’ या सुरावर. फोन ही अक्काची काठी आहे. पळणाऱ्या लेकराच्या मागं तिला पळता येत नाही, म्हणून ती लेकराला एका जागी बसवते. काठी काढून घ्यायची तर आधी चालायची दुसरी सोय करा. तोवर तिला उपदेश करू नका.

अंगणवाडी आहे ना, असं कुणीही म्हणेल. आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला देशातल्या 33 गटांत सुरू झाली, आज ती गल्लीगल्लीत पोचली आहे आणि सेविकांच्या कष्टाबद्दल मला आदरच आहे. पण अंगणवाडीत बसायला मिळतं ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांना, तेही काही तासच. दुपारच्या जेवणाला मूल परत घरी. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाच्या वाट्याला घरी न्यायचं आहाराचं पाकीट येतं, बसायला जागा येत नाही. म्हणजे जे वय सगळ्यात जास्त पळवतं, पडतं, चावतं, हौदात डोकावतं, ते पूर्णपणे घरावर. घरावर म्हणजे कुणावर, ते वर आलंच आहे.

2023 च्या डिसेंबरात अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांनी मानधनवाढ आणि ग्रॅच्युइटीसाठी संप केला. तो जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालला. मागण्या रास्त होत्या. तो हंगाम तुरीचा, आणि त्यामागून ज्वारी. अंगणवाडीला कुलूप, सुना रानात, आणि चार वर्षांची लेकरंही दिवसभर म्हाताऱ्यांकडं. त्या काळात संपावर चर्चा झाली, पोषण आहारावर झाली, पगारावर झाली. आज्यांनी न मागता केलेल्या जादा कामाचा उल्लेख माझ्या वाचनात आला नाही. वेळ अमावास्येला रानात जेवायला गेलो तेव्हा आंबील आणि भज्जीच्या पंगतीतही बहुतेक म्हाताऱ्या उभ्याच होत्या, कारण कुणाचं ना कुणाचं मूल विहिरीकडं निघालेलं.

2024 च्या वेळ-वापर पाहणीचा बातम्यांत आलेला आकडा सांगते. घरातल्यांची देखभाल करणाऱ्या 15 ते 59 वयाच्या बायकांची दिवसाला 140 मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांची 74. पाहणी तशी सहा वर्षांवरच्या सगळ्यांची असते, पण मथळ्यात आला तो 15 ते 59 चा हिशेब. साठी झाली की बाई मथळ्यातून निवृत्त होते, कामातून नाही. पुरुषांची ती 74 मिनिटंही मैंदर्गीत कुठं बघायला मिळतात, ते मी शोधते आहे. आमचे हे नातीला गाडीवरून एक फेरी मारून आणतात, आणि ‘मुत्यानं सांभाळलं’, म्हणजे आजोबांनी सांभाळलं, अशी नोंद घरात होते. सू झाली की मुत्या गाडी वळवून माझ्याकडं आणतात.

पाळणाघर हा काही शहरी लाड नव्हे. महाराष्ट्रात हा विचार खेड्यातच रुजवला गेला. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि पुढं हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखत होती, तर या बायकांनी शाळाच कुरणात नेली. मुली येत नव्हत्या, कारण त्यांच्या कडेवर भावंडं होती. तेव्हा त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात मांडली, तिचं नाव विकासवाडी. थोरली वर्गात बसली तरी धाकटं तिच्या नजरेच्या टप्प्यात. डी.एड.ला आम्हाला ताराबाईंवर प्रश्न यायचा, पाच गुणांचा. उत्तरात आम्ही ‘बालशिक्षणाची गंगा आदिवासींच्या दारी’ वगैरे लिहून गुण घेतले. त्यातली पाळणाघराची मेख नोकरीत चार-पाच वर्षं लाल फुल्या मारल्यावर कळू लागली.

कायद्यातही पाळणाघर आहे. 1948 च्या कारखाना कायद्यानं तीसपेक्षा जास्त बायका कामाला असलेल्या कारखान्यावर ते बंधनकारक केलं. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, तिनं पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांनाही त्यात आणलं. यातलं मैंदर्गीच्या वाट्याला काय येतं? खुरपायला जाणारी टोळी म्हणजे आस्थापना नव्हे. घरी शिलाई मारणारी, विड्या वळणारी, भाकऱ्या करून विकणारी बाई कुणाच्याच हजेरीपटावर नाही. माझ्या सुनेच्या पतसंस्थेत कर्मचारी मोजायला दोन हातांची बोटं पुरतात.

केंद्राची पाळणाघर योजनाही होती, आता ती ‘पाळणा’ नावानं चालते. जुन्या राष्ट्रीय योजनेचे 2017 चे नियम मी वाचले आहेत. सहा महिने ते सहा वर्षांची पंचवीसपर्यंत मुलं, रोज साडेसात तास, महिन्याचे सव्वीस दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या घराला महिना 20 रुपये फी, महिना बारा हजारांपर्यंत मिळकत असलेल्याला 100, त्यावर 200. वाचायला छान. पण सेविकेला मानधन महिना 3,000 आणि मदतनिसाला 1,500. तुरीच्या हंगामात बाई खुरप्यावर याहून जास्त मिळवते. इतक्या पैशांत पंचवीस लेकरं कोण आणि कशी सांभाळणार? नव्या योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडून 2025-26 पर्यंत देशभर 17,000 केंद्रांचं लक्ष्य ठेवलं होतं. देशाच्या मानानं हा आकडा किती तोकडा आहे, हे सांगायला गणिताची बाई लागत नाही.

आता हद्दीपलीकडं बघा. कर्नाटकानं 2023-24 च्या अर्थसंकल्पात चार हजार ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’ काढायचं जाहीर केलं. कूसु म्हणजे तान्हं, मने म्हणजे घर. रोजगार हमीवर जाणाऱ्या आणि गावातल्या इतर बायकांची लहान लेकरं तिथं ठेवायची, आणि सांभाळणाऱ्या बायाही रोजगार हमीच्या जॉबकार्डवाल्याच, प्रशिक्षण देऊन नेमलेल्या. आमची सोयरीक तिकडं अफझलपूर, इंडीकडं भरपूर. बहिणीची सून तिकडं नांदते, तिच्याकडून या घराबद्दल मी पहिल्यांदा ऐकलं. ती कौतुक करत नव्हती, तक्रार करत होती, की खेळणी थोडी आहेत आणि पंखा बंद पडतो. मला त्या तक्रारीचाच हेवा वाटला. तिच्या सासूला, म्हणजे माझ्या बहिणीला, दुपारी झोप मिळते.

आमच्याकडं याला विरोध होईल, आणि तो कुठून होईल हे मला ठाऊक आहे. पहिला विरोध आज्यांचाच. ‘मी जिवंत असताना लेकरू परक्याच्या हातात?’ अक्का मला हेच म्हणाली, पट्टा आवळता आवळता. यात माया आहे, पण थोडी भीतीही आहे. लेकरू गेलं तर या घरात आपलं काम काय, आणि काम नसलं तर ताटात भाकरी कुठल्या हक्कानं? ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पुण्याहून महिन्याला येणारे पैसे नातवंडांच्या नावानंच येतात, हे तिला नीट कळतं. सुनांचंही तसंच. मनातून हवं असतं, पण सासू असताना पाळणाघराचं नाव काढलं तर चार घरांत होणारी चर्चा नको असते. माझ्या सुनेनं कधी विषय काढला नाही. मीच काढला, तेव्हा ती पहिल्यांदा ‘नको नको’ म्हणाली आणि मग रात्री जेवताना विचारलं, ‘पण कितीला उघडेल, अत्ती?’

दुसरा विरोध ताटावरून. खाऊ कोण घालणार, कुणाच्या हातचं, अंडं देणार का. आमच्या गावात लिंगायत घरं आहेत, मुसलमान घरं आहेत, धनगर आहेत, दलित आहेत. पण अंगणवाडीची खिचडी ही सगळी लेकरं एका ओळीत बसून इतकी वर्षं खात आली आहेत आणि कुणाचा देव कोपला नाही. अंडं नको असेल त्याला केळं द्या. याच्यावर बैठक घेण्याइतका हा प्रश्न मोठा नाही.

तिसरा विरोध पैशाचा. तो खरा आहे. आमची नगरपरिषद गरीब, आणि ग्रामपंचायतीसाठी आखलेली एखादी योजना उद्या इकडं आलीच, तर नगरपरिषद म्हणून आम्हीच बाहेर राहायचो. पण पाळणाघराला राजवाडा लागत नाही. दोन खोल्या, उंच कठडा, झाकलेलं पाणी, एक संडास, सतरंज्या, आणि नीट पगार मिळणाऱ्या दोन-तीन बाया. गावात पट कमी झालेल्या शाळा आहेत, त्यांच्या खोल्या बंद आहेत. शाळेच्या आवारात पाळणाघर आलं तर ताराबाईंनी केलं तेच होईल, थोरलीची फुली कमी होईल. लेकरामागं फी घ्यावी, ऐपतीप्रमाणं. माझ्यासारख्या पेन्शनवाल्या घराकडून दोनशे नाही, हजार घ्या. मी देईन, कारण त्या पैशात मला दुपारचे तीन तास परत मिळतात. तेवढ्यात मी डॉक्टरांनी सांगितलेला गुडघ्याचा व्यायाम करीन, नाहीतर सरळ झोपेन. म्हातारपणी तब्येत राखा असं सगळे सांगतात, ती कोणत्या वेळात राखायची हे कुणी सांगत नाही.

आज्यांना तिथं यायची बंदी नसावी. ज्यांना हौस आहे त्यांनी तासभर बसावं, ओव्या म्हणाव्यात, कहाण्या सांगाव्यात, चिमणीला दाणे घालायला शिकवावं. उचलायचं, धुवायचं, मागं पळायचं काम पगारी, तरुण, शिकवून तयार केलेल्या बायांचं.

मुख्य मुद्दा वेळेचा आहे, आणि सून अचूक तिथंच बोट ठेवून गेली. पाळणाघर कागदावर मंजूर झालं तर वेळ बहुधा दहा ते साडेपाच पडेल, कारण मंजूर करणाऱ्यांचं कचेरीचं घड्याळ तसं चालतं. अक्काची सून ज्या टमटममधून रानात जाते ती सकाळी साडेसातला चौकातून सुटते आणि ज्वारीच्या काढणीत त्याहून आधी. दहाला उघडणाऱ्या दाराचा त्या बाईला काहीच उपयोग नाही. मधले अडीच तास लेकरू पुन्हा अक्काच्याच कडेवर, आणि दहाला त्याला तिथवर पोचवायची चाल वेगळी. सकाळी सातला दार उघडायला हवं, आणि संध्याकाळी शेवटची टमटम परतेपर्यंत कुलूप लागता कामा नये. दोन पाळ्या कराव्या लागतील. रविवारी आमच्याकडं खुरपणी बंद नसते, तेव्हा सुट्टी कोणत्या वारी ठेवायची हे रानात जाणाऱ्या बायांना विचारूनच ठरवावं.

अर्जाचा मसुदा मी लिहून ठेवला आहे. त्यात वेळेचा रकाना सगळ्यात वर आहे.